निर्व्यसनी मुलाची मिठी

टँगो नावाचा नाच बाईने आणि पुरुषाने छातीला छाती लावून करायचा असतो, हे मला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर आधी नाचून घेतलं असतं, पेढे मागून वाटले असते, किंवा वाटलेच नसते. आमच्याकडे मुलीची उंची विचारतात, पगार विचारतात, चष्मा आहे का विचारतात. मुलाच्या तोंडाला वास कसला येतो, हे विचारायची पद्धत नाही.

मी निकिता. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून रोज एस.टी.ने वाशिमला जाते, तिथल्या एका पॅथॉलॉजीत तपासणीचं काम करते. लोकांचं रक्त, लघवी, बेडका सगळं दिवसभर माझ्या हाताखालून जातं. बेडक्याच्या डबीचं झाकण उघडता उघडता मी शेजारणीशी भाजीच्या भावाचं बोलू शकते. म्हणून 'पोट्टी लय नाजूक, नुसते नखरे' असं जे नंतर माझ्याबद्दल बोललं गेलं, ते साफ खोटं. मला सहजासहजी किळस येत नाही. आली की मात्र ती जात नाही.

हरीओमचं स्थळ विकासमामांनी आणलं. म्हणजे आईच्या भावाने. मंगरूळपीरचा मुलगा, पाणीपुरवठ्यात इंजिनीअर, घरी ओलिताची शेती, बोलायला मऊ. बाबांनी सगळी चौकशी केली आणि शेवटी मुद्द्याचा प्रश्न विचारला. विचारताना खर्रा तोंडातच होता, तेव्हा सांडू नये म्हणून हनुवटी छताकडे करून विचारला.

"पोरगं व्यसनी त नाही ना, विकास?"

मामांच्याही तोंडात होता. त्यांनीही छताकडे पाहत सांगितलं, "निर्व्यसनी हाये भाऊजी. एकदम निर्मळ."

मग दोघं उठले, अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी थुंकून आले, आणि स्थळ पक्कं झालं.

खर्रा ठाऊक नसेल अशा भाग्यवंतांसाठी सांगते. सुपारीची खांडं, तंबाखू आणि चुना हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानटपरीवाला घोटून घोटून ओलं करतो आणि पुडी बांधून देतो. ते माणूस दिवसभर गालात धरून बसतो. दात विटकरी होतात, ओठांच्या कडा फाटतात, आणि तोंडाला ओल्या पोत्याखाली काहीतरी मरून पडल्यासारखा वास येतो. आमचं घर त्याच वासात उभं आहे. बेसिनमध्ये लाल ओघळ, जीपच्या दारावर लाल ओघळ, बाबांच्या कृषी केंद्रात खताच्या पोत्यांमागे पिकदाणी म्हणून ठेवलेला तेलाचा कापलेला डबा. तो डबा रिकामा करायला बाबा नोकराला सांगत, आणि नोकर रजेवर असला की आईला. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून गावभर फिरले, पण त्यांनी कधी माझा पापा घेतल्याचं मला आठवत नाही. ते वाकले की आई मध्येच मला उचलून घ्यायची.

माणूस चांगला आहे, हेही सांगायला हवं. बाबांनी मला शिकवलं, वाशिमची नोकरी धरू दिली, आईवर कधी आवाज चढवला नाही. दारूच्या दुकानाची पायरी त्यांना माहीत नाही. गावात कोणाचंही भांडण सोडवायला जगदेवभाऊंनाच, म्हणजे बाबांनाच, बोलावतात.

तर हरीओम. बघण्याच्या कार्यक्रमात तो सोफ्यावर आणि मी समोरच्या खुर्चीवर, मध्ये पोह्यांचं ताट. साक्षगंधाला अगरबत्त्या, अत्तर, फुलांचे हार आणि दोनशे माणसं. नंतर वाशिमला एका हॉटेलात आम्ही दोनदा भेटलो, टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये सांबाराच्या वाट्या. बाकी सगळं फोनवर. फोनवर तो छान बोलायचा. माझ्या लॅबमधल्या गमती मन लावून ऐकायचा. मला तो आवडायला लागला होता. फोनला वास नसतो.

टँगोचं खूळ त्याच्या पुण्यातल्या बहिणीचं, वर्षाराणीचं. 'संगीताला सगळे तेच ते नाचतात, आपण काहीतरी हटके करू,' असं तिने व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं. नवरा-नवरी नाचणार, आणि दोन्हीकडच्या आईबाबांनीही एक फेरी नाचायची. तिच्या बाबांचे गुडघे गेलेले, म्हणून तिचे आईबाबा सुटले. माझे बाबा लगेच तयार झाले. आईने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "या वयात मले नाचवता काय?" पण नाही म्हणाली नाही. आई कशालाच नाही म्हणत नसे.

शिकवायला अनम आली. तीही मंगरूळपीरचीच, शिंपीकाम करणाऱ्या वहाबभाईंची मुलगी. पुण्यात शिकायला होती तेव्हा शनिवार-रविवारी एका गटात हा नाच शिकली, आणि आता जिल्हाभर लग्नांचे नाच बसवते. स्कूटीवर स्पीकर बांधून यायची. जागा म्हणून वाशिम रोडवरचं एक मंगल कार्यालय मिळालं, दुपारी रिकामं असायचं. रिकामं म्हणजे माणसांपासून रिकामं. मागच्या लग्नातल्या कढीचा आंबूस वास तिथेच होता, माशा होत्या, आणि थुंकू नये म्हणून कोपऱ्यांत देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसवलेल्या होत्या. आमच्या लोकांनी देवाला हात जोडून, मग फरशीच्या वरच्या बाजूला नेम धरून थुंकलेलं होतं.

साक्षगंध झालेलं असलं तरी लग्न व्हायचं होतं, म्हणून सोबतीला आई यायची. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलायची. बघायचीही.

सुरुवातीला अनमने आम्हाला हातभर अंतरावर ठेवलं. चालायचं कसं, वळायचं कसं, पाय जमिनीला घासत कसा न्यायचा. हरीओमचे पाय शहाणे होते. त्याला ताल लगेच कळायचा, तो मला ओढायचा नाही. मला वाटलं, या माणसाबरोबर आयुष्य नीट चालेल. मग एके दिवशी अनम म्हणाली, "आता खरा टँगो. आजपासून मिठी."

तिने नीट समजावलं. छाती छातीला टेकवायची, पण अंग समोरच्यावर टाकायचं नाही, आपापल्या पायांवर उभं राहायचं. बाईचा डावा हात पुरुषाच्या खांद्यावरून पाठीकडे. कानशील कानशिलाजवळ. पायाकडे पाहायचं नाही. "हरीओमभाई, हातानं ढकलू नका. पुढं जायचं ते आधी सीन्यात ठरवा, तिले आपोआप समजते. आन तिनं पाय नाही टाकला त थांबायचं. जबरदस्ती नाही. ये इस नाच का पहला उसूल है."

मी पुढे झाले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझं कपाळ त्याच्या गालाशी आलं आणि मला तो वास आला.

वर वेलदोडा होता. बिचाऱ्याने खास येताना चघळला असावा. त्याच्याखाली बडीशेप. आणि त्या सगळ्याच्या खाली, तळाशी, आमचं घर होतं. बेसिन होतं, जीप होती, तेलाचा कापलेला डबा होता. तो हळूच म्हणाला, "ठीक आहे ना?" आणि ते शब्द माझ्या नाकाच्या टोकाला ओलसर लागले. सकाळची पोळी गळ्यापर्यंत आली आणि मी ती गिळली.

"निकिता, सांस घे ना," अनम बाजूने म्हणाली. "तू सांस रोकून राह्यली. असं कसं नाचशीन?"

मी श्वास घेतला आणि शिसारीने माझ्या अंगावर काटा आला. अनमला वाटलं मी लाजले. तिने हरीओमला बसवलं आणि मला स्वतःच्या मिठीत घेतलं, दाखवायला. तिच्या ओढणीला साबणाचा वास होता. छाती छातीला टेकली, ती चालायला लागली आणि तिने कुठे जायचं ठरवलंय ते मला न सांगता कळायला लागलं. मी डोळे मिटले. सबंध गाणं संपेपर्यंत माझा श्वास माझ्या ध्यानातसुद्धा आला नाही.

"बघ, येते तुले," अनम म्हणाली.

येत होतंच. भीती त्याचीच वाटली. नाच मला येत होता, मिठी मला आवडत होती, फक्त ज्या माणसाच्या मिठीत आयुष्य काढायचं होतं त्याच्याजवळ माझा जीव घुसमटत होता.

आई सूप घेऊन शेंगांची टरफलं टाकायला बाहेर गेली, तेव्हा मी हरीओमला विचारलं, "तुम्ही खर्रा खाता?"

"हो," तो म्हणाला. "काहून?"

"मामा तर म्हणाले होते निर्व्यसनी."

"निर्व्यसनीच आहो मी." त्याचा चेहरा खरोखर गोंधळला होता. "दारू नाही, सिगरेट नाही. जुगार त मले समजतबी नाही."

"दिवसाला किती पुड्या होतात?"

"ते कोन मोजते? ते काय औषध हाये का?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि माझा खरा संताप तिथेच झाला. खोटं बोलला असता तर मी त्याला फसवणारा म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. इथे कोणीच कोणाला फसवलं नव्हतं. मामांनी सांगितलं ते त्यांच्या हिशेबाने खरं, बाबांनी ऐकलं तेही खरं. सगळ्या जिल्ह्याने मिळून ठरवलेलं होतं की हे व्यसन नाही. चहा, पाणी, खर्रा.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"मारते का तो?" तिने विचारलं.

"नाही."

"दारू पेते?"

"नाही गं. मला त्याच्या तोंडाची किळस येते. जवळ गेलं की ओकारी येते."

आईने पोळी उलटली. "होते सवय," ती म्हणाली. "नाकालेबी सवय होते."

मामांना कळल्यावर ते पोट धरून हसले. "खर्रा न खाणारा जावई पायजे म्हणशीन त दुसऱ्या राज्यात पाहा लागन, बाई. तोबी मिशीवाला मर्द मिळन का नाही, देव जाने." बाबा हसले नाहीत. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "मीबी खातो. मंग मी काय व्यसनी झालो?" मी त्यांना भाजी वाढली.

बोलणं तिथेच मिटलं, असं सगळे धरून चालले. पत्रिका छापायला गेल्या. मी कामावर बेडक्याच्या डब्या उघडत होते आणि मला काही होत नव्हतं. हरीओमचा फोन आला की मात्र आता त्याच्या आवाजालाही वास यायला लागला होता. रात्री डोक्यात एकच यायचं: ती उशी, तो पलंग, तो माणूस माझ्याकडे कूस वळवून 'झोपली का?' विचारणार. आणि हे एक-दोन दिवस नाही.

मग आईबाबांच्या तालमीचा दिवस उजाडला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. कार्यालयाच्या नळावर त्यांनी चूळ भरली, लाल पाणी सबंध मोरीभर उडवलं, आणि रुमालाने तोंड पुसत आले. आईने पदर खोचला. हरीओम आणि मी भिंतीशी उभे होतो. आता हसू येणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं. अनमने दोघांना जवळ उभं केलं, आईचा हात बाबांच्या खांद्यावर ठेवला, आणि गाणं लावलं.

आईला येत होतं.

अनम बघतच राहिली. जी गोष्ट मला आठवडाभर सांगून जमत नव्हती, ती आईने न सांगता केली. छाती टेकलेली, पण भार स्वतःच्या पायांवर. हनुवटी बाबांच्या खांद्याच्या पलीकडे. मान बाजूला वळलेली, जितकी वळायला हवी तितकीच. बाबा वळले की ती वळायची, त्यांचं तोंड जिकडे होईल त्याच्या उलट बाजूला तिचं तोंड आपोआप जायचं, आणि तरी त्यांच्या अंगापासून ती तसूभरही सुटत नव्हती.

"माशाल्ला, आंटी," अनम म्हणाली. "गर्दन देखो इनकी. निकिता, पाह्य, अशी मान पायजे. आंटी, तुमी शिकल्या होत्या का कुठं?"

"नाही व," आई म्हणाली. बाबांचा चेहरा खुलला.

मी बघत होते. अनमला मान दिसत होती, मला आईच्या नाकपुड्या दिसत होत्या. त्या बंद असल्यासारख्या होत्या. बाबांचं डोकं पलीकडे गेलं की आई पटकन एक श्वास घ्यायची आणि परत धरून ठेवायची. बाबा तालाच्या मागेपुढे होत होते, ती मात्र चुकत नव्हती. हे ती आज शिकलेली नव्हती. मी ज्या घरात जन्मले, वाढले, त्या घरातल्या पलंगावर ही तालीम माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होती. तिच्या नाकाला सवय झालेलीच नव्हती. मानेला झाली होती.



"चला, आता चौघं सोबत," अनम म्हणाली. हरीओम माझ्याकडे आला आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. समोर कार्यालयाचं काचेचं दार होतं. त्यात आम्ही दोन जोडपी दिसत होतो. आईची मान डावीकडे. माझीही मान, माझ्या नकळत, डावीकडे. अगदी तेवढीच.

हरीओमने पाऊल पुढे टाकलं. मी मागे गेले नाही. तो थांबला.

"मी हे लग्न करणार नाही," मी म्हणाले.

गाणं चालूच होतं. अनमने ते बंद केलं नाही, बहुधा आपल्याला काही ऐकू आलं नाही असं दाखवायला. बाबांनी आईला सोडलं.

"काय झालं?"

"खर्रा," मी म्हणाले. "मला किळस येते, बाबा. मला जन्मभर श्वास धरून झोपायचं नाही."

हरीओमचे कान लाल झाले. पण तो चिडला नाही. त्याने खिशातून पुडी काढली, खिडकीपाशी गेला आणि ती बाहेर फेकून दिली. "सोडला," तो म्हणाला. "आजपासून सोडला, निकिता. तुह्यासाठी."

त्या क्षणी मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला. तो चांगला मुलगा होता. त्याने पुडी फेकलेला हात पँटला पुसला आणि तिथे एक ओलसर लाल डाग उमटला. माझी नजर त्या डागावरून हटेना.

"झालं," बाबा म्हणाले. "सोडला त्यानं. आता काय राह्यलं? आन खर्र्याची कोनाले किळस येत असते का कुठं? घरोघरी खातेत लोक. तुह्या आईले विचार. इतके वर्स झाले, कधी एका शब्दानं बोलली का?" ते आईकडे वळले. हसत, खात्रीने. "सांग व तिले. तुले आली का कधी माही किळस?"

आई जागच्या जागी उभी होती. तिने पदर सोडला, पुन्हा खोचला.

"खरं सांगू?"

"खरंच सांग ना."

"येते," आई म्हणाली. "पयल्या रात्रीपासून येते."

गाणं अनमने आता बंद केलं. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते कुठे ठेवावं हे त्यांना समजत नव्हतं. हा माणूस गावाची भांडणं सोडवतो. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं, तरी मी बघत राहिले.

"मंग बोलली काहून नाही?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"तुमी चांगले होते म्हून," आई म्हणाली. "मारत असते, पेत असते, त बोलली असती. चांगल्या मानसाले कसं म्हनाव का तुमच्या तोंडाची ओकारी येते? लोक मलेच हसले असते." ती हरीओमकडे वळली. "तुमीबी चांगले आहा. तुमच्यावर राग नाही आमचा. पन हिले जवळ नाचाले लावलं म्हून हिले आताच कळलं. मले कळलं तवा नणंदांनी भायेरून कडी लावली होती."

बाबा भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांचा हात खिशाकडे गेला, खिशावर थांबला आणि तिथेच राहिला.

आईने पिशवीतून फोन काढला आणि मामांना लावला. तिचा आवाज रोजचाच होता, जसा दूधवाल्याला उद्या दूध नको सांगताना असतो.

"विकास, मंगरूळले कळव. पोट्टीले जमत नाही." पलीकडून मामा बराच वेळ बोलत राहिले. आई ऐकत होती. बाबाही मान खाली घालून ऐकत होते. "कारण?" आई म्हणाली. "कारण सांग का पोरगा खर्रा खाते."

"एवढंच?" म्हणत मामा हसल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"हो," आई म्हणाली. "तेवढंच."